विश्वंभरपंतांचा घोडा

तळे गावच्या कचेरीत नवे मॅजिस्ट्रेट येणार असं कळलं, तेव्हा विश्वंभरपंत वकिलांनी कायद्याची पुस्तकं काढली नाहीत. ते पुण्याला जाऊन घोडा घेऊन आले. पायी येणाऱ्या वकिलाचा युक्तिवादही लंगडत चालतो, असं त्यांचं मत होतं. खोपोलीपर्यंत घोडा रेल्वेने न्यायचा आणि पुढे त्यावर बसून ऐटीत घरी जायचं, असा बेत होता.

पुणे स्टेशनात इंजिनालगतच घोड्यांचा डबा जोडला होता. इंजिनाने वाफ सोडली की घोडा मागे सरे.

"चुचकार की जरा!" पंत नोकरावर ओरडले.

"चुचकारलं, पंत," अनंता म्हणाला. "गूळ खाल्ला त्यानं. पर न्हायच म्हणतो."

"जनावराला माणसाची पारख असते. हो बाजूला!"

पंतांनी कोट-पगडी अनंताच्या हाती दिली आणि ते स्वतः डब्यात चढले. घोडा खरोखरच मागोमाग आत गेला. पंतांनी विजयी मुद्रेने वळून पाहिलं, तर हमालाने बाहेरून दार लावलं होतं. घोड्याबरोबर त्याची निगा राखणारा एक मोतद्दार फुकट जातो, हा नियम त्याला ठाऊक होता आणि मोतद्दार त्याने पाहिला होता. पंतांनी आतून फौजदारी कायद्याची कलमं ऐकवली. इंजिनाने त्याहून मोठी शिट्टी दिली.

कोट चुरगळू नये म्हणून अनंताने तो अंगावर चढवला, पगडी डोक्यावर ठेवली आणि समोर आला त्या डब्यात उडी मारली. तो सेकंड क्लास निघाला. तिकीट कोटाच्या खिशात होतंच.

घाटातल्या प्रत्येक बोगद्यात पंतांवर धुराचा आणि कोळशाच्या कणांचा एकेक थर चढला. दरम्यान घोड्याने त्यांचं उपरणं खाल्लं. कर्जतला डबा खोपोलीच्या गाडीला जोडला, पण दार कुणी उघडलं नाही.

खोपोलीला उघडलं, ते तिकीट तपासनिसाने. "तिकीट?"

"मी वकील आहे!"

"आणि मी लाटसाहेब! मोतद्दार असशील तर जा. नसशील तर दंड भर, नाहीतर चौकीवर चल."

इतक्यात अनंता आला. त्याच्याबरोबर प्रवासात ओळख झालेले एक रुबाबदार गृहस्थ होते. पंतांना सोडवायचं, एवढंच अनंताला सुचलं. "सोडा त्याला, सायेब. माझाच मोतद्दार हाय. जरा चक्रम हाय, पर घोडं त्याचंच ऐकतं."

"काय रे, खरं का?" त्या गृहस्थांनी विचारलं.

पंतांनी काळ्याठिक्कर तोंडाने मान डोलावली.

दोन दिवसांनी पंत बागेतली शहाळी घेऊन नव्या मॅजिस्ट्रेटच्या बंगल्यावर सलामाला गेले. दारात तेच गृहस्थ उभे!

"अरे, तू? मालकांनी पाठवलं वाटतं?"

खरं सांगावं, तर तपासनिसाला फसवल्याची कबुली खुद्द मॅजिस्ट्रेटपुढे द्यावी लागणार. पंतांनी शहाळी पुढे केली. "होय, साहेब."

"फार दिलदार माणूस. संध्याकाळी चहाला या म्हणावं."

संध्याकाळी अनंता चहाला गेला. पंत बाहेर लगाम धरून उभे राहिले. आतून अनंताचा आवाज येत होता, "आमच्या तळ्यात एक वकील हाय, सायेब. लई हुशार. कवातरी भेट घालून देतो."