बॉबकटाची सेवाज्येष्ठता

ट्यूनिसच्या जलमापक महासंचालनालयात मादाम नझीहा महासंचालक म्हणून रुजू झाल्या आणि त्यांचे केस मागून आखूड आहेत, ही बाब कार्यालयाच्या तत्काळ लक्षात आली. मानेपाशी अगदी बारीक, वर थरावर थर चढत गेलेला आणि पुढे हनुवटीशी लांब उतरलेला असा तो बॉबकट होता. नळाचं मीटर बंद पडल्याचं याच कार्यालयाच्या लक्षात यायला वर्षं लागत.

आठवड्याभरात जवळजवळ सगळ्या बायका तसाच बॉबकट करून आल्या. आता कारकुनाची मान आणि महासंचालकांची मान सारखीच दिसू लागली. हा प्रशासनाला धोका होता, म्हणून परिपत्रक निघालं आणि दारावरही लागलं: मानेवरची कापरेषा पदानुसार चढती असावी. कारकुनाची कॉलरला टेकलेली, विभागप्रमुखाची बोटभर वर, आणि महासंचालकांच्या वर कोणीही जाऊ नये.

वसीला कारकून होती. विभागप्रमुखाची जागा रिकामी होती आणि तिच्यापायी वसीलाची झोप उडाली होती. खरा हक्क जुन्या कारकून मबरूकाचा. शहरातलं मीटर अन् मीटर तिला तोंडपाठ होतं. पण ती अजून लांब वेणी घालायची, त्यामुळे परिपत्रकात तिला कुठेच बसवता येईना.

वसीला केस कापणाऱ्या झोहराकडे गेली; तिला सगळे आदराने 'लल्ला' म्हणत.

"मान खाली, पोरी. आणखी खाली. कॉलरपर्यंतच ना?"

"बोटभर वर घ्या."

"बढतीचा हुकूम आला वाटतं?"

"येईल की! केस आधी तयार असलेले बरे."

झोहराने कंगव्याने पातळ बट उचलली, दोन बोटांत धरली. "बघ हं. ही खालची एकदा कापली की वरच्या सगळ्या हिच्याच मापाने चालतात. मग रडत आलीस तर चिकटवून देणार नाही."

"कापा हो, लल्ला!"

दुसऱ्या दिवशी शिस्त समितीने पट्टी लावून मान मोजली. उपसंचालक खेमिरी ओरडले, "पद कारकुनाचं आणि मान विभागप्रमुखाची? ताबडतोब खाली आणा!"

"केस आहेत, साहेब. वाढायला वेळ लागतो. टोप घालू?"

"तो खोटा दस्तऐवज होईल."

"रुमाल बांधू?"

"म्हणजे पुरावा दडवणार?"

समितीने बराच खल केला. मान खाली आणता येत नव्हती आणि परिपत्रकाचा भंग तर क्षणोक्षणी चालू होता. तेव्हा पद वर नेणं एवढाच कायदेशीर मार्ग उरला. वसीला विभागप्रमुख झाली.

"अभिनंदन, मादाम," मबरूका म्हणाली. "मी मेली कामं करत बसले!"

वसीलाला लाज वाटली. दुपारच्या कॉफीपर्यंत ती टिकली.

मग खिडकीशी एक म्हातारा आला, बंद मीटरपायी हेलपाटे घालून थकलेला. मबरूकाने त्याचं प्रकरण शोधलं, दुरुस्तीचा हुकूम लिहून त्याच्या हातात दिला. त्याने कागद घेतला, तिच्या वेणीकडे पाहिलं आणि वसीलाकडे वळून कमरेत वाकला.

"अल्ला तुमचं भलं करो, मादाम! तुमच्यामुळे झालं."

कापरेषा नीट दिसावी म्हणून वसीलाने मान जरा वळवली.

म्हाताऱ्यामागे मोठी रांग होती, सगळी तुमच्या-माझ्यासारखी शहाणी माणसं. म्हातारा निदान काम झाल्यावर तरी वाकला. तुम्ही तर दारातून आत येतानाच, नुसती मान बघून वाकला होतात.