पानबाईंचे राक्षस

पोटच्या पोरानं आईला न विचारता कामावरून काढून टाकावं, ही कुठली रीत? सकाळपासून पानबाईंचा हाच संताप चालला होता, आणि अक्षत मात्र कानांवर हेडफोनचे ते मोठाले भोंगे चढवून आपल्या खोलीत बसला होता. त्याच्यापर्यंत एक शब्द पोहोचत नव्हता, म्हणून त्यांचा आवाज आणखी चढत होता.

काम म्हणजे राक्षसांचं. भोकरदनच्या त्या घरात दिवस मावळायच्या आत जेवणं उरकली की टेबलावर 'तळघर' मांडलं जाई. अक्षतनं स्वतः बनवलेला खेळ. पुठ्ठ्याच्या खोल्या, पुठ्ठ्याची दारं आणि तळाशी खजिना. अक्षत आणि त्याची बायको नेहल हीरो होऊन खाली उतरत. त्यांना अडवणाऱ्या राक्षसांची बाजू पानबाईंकडे. त्यांची शाळा दुसरीतच सुटलेली, पण खेळाच्या पत्त्यांवरची चित्रं बघून त्या अशी चाल करत की हीरोंना खजिना क्वचितच दिसे. एक नियमही त्यांनीच घातला होता. जैनाच्या घरात कुणी मरणार नाही. मार बसला की राक्षसानं कोपऱ्यात जाऊन सामायिक करायची, म्हणजे घटकाभर ध्यानाला बसायचं, चित्त शांत झालं की परत लढायला यायचं.

आता अक्षत त्याच खेळाचा व्हिडिओ गेम करत होता. दुपारी पुण्याच्या एका कंपनीचे साहेब तिकडे बसूनच तो खेळून बघणार होते. पसंत पडला तर कंपनी तो बाजारात आणणार होती. सकाळी पानबाई चहा घेऊन त्याच्या खोलीत गेल्या आणि कॉम्प्युटरचा पडदा बघून जागीच थांबल्या.

"माझे राक्षस कोण चालवून राह्यलं?"

"कॉम्प्युटर, मम्मी. आता माणूस लागत न्हाई."

"आणि हे लाल लाल काय सांडलंय?"

"रक्त. तो राक्षस मेला ना."

"मेला? माझा एक राक्षस आजवर मेला न्हाई! लेकरावानी सांभाळले, आणि तू कापून मोकळा झालास?"

"अगं, चित्रं हायेत ती!"

"देव्हाऱ्यात पण चित्रंच हायेत. तिथं सांडून दाखव!"

चहा टेबलावर न ठेवता त्या तसाच परत घेऊन गेल्या.

खरी पंचाईत पुढंच होती. अक्षतनं राक्षसांना एवढंच शिकवलं होतं, की हीरो दिसला की धावायचं. त्यामुळे सगळे राक्षस एकदमच धावले आणि संभाजीनगरच्या बसला झुंबड उडावी तसे एकाच दारात अडकले. हीरो पलीकडच्या दारानं निवांत गेला आणि खजिना घेऊन वर आला. अक्षतनं घाईघाईत दुरुस्ती केली, तर सगळे भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. साहेबांचा व्हिडिओ फोन आता कधीही येणार होता.

"अहो, मम्मीजींनाच बसवा," नेहल म्हणाली. "हॉलच्या टीव्हीला दुसरा रिमोट जोडते. साहेबांना वाटेल, कॉम्प्युटरच खेळून राह्यला."

"ती बसंल?"

"पाया पडा."

अक्षत वाकला. पानबाईंनी पाय मागे घेतले.

"आधी रक्त पूस."

"पुसलं."

"सामायिक?"

"परत घालतो."

"आणि ते भोंगे काढ. मी बोलून राह्यले."

भोंगे निघाले. नेहलनं रिमोट कसा चालवायचा ते दाखवलं. "एवढंच?" पानबाई म्हणाल्या. "मिक्सर याहून अवघड हाय."

साहेब तळघरात उतरले आणि पानबाईंचा पोरावरचा सगळा राग त्या परक्या माणसावर निघाला. एका राक्षसाला पळवत पळवत त्यांनी साहेबांना बोळात ओढलं, दुसऱ्याकडून मागचं दार लावून घेतलं, तिसऱ्यानं हातातली मशाल विझवली. "या, या," हॉलमध्ये त्या पुटपुटत होत्या, "जल्दी काय हाय? बसा अंधारात." साहेबांनी वाट बदलली, तर तिथंही एक जण आधीच दबा धरून बसलेला.

"बाप रे!" फोनवरून साहेबांचा आवाज आला. "हा कॉम्प्युटर आहे की सासू?"

नेहलनं ओढणी तोंडात कोंबली.

"असे खुनशी राक्षस मी कुठल्याच गेममध्ये पाहिले नाहीत," साहेब म्हणाले. "बाकीचं नंतर बघू, आधी हा राक्षसांचा मेंदू आमच्याकडे पाठवा. कुणी तयार केला?"

अक्षत खुर्चीत ताठ बसला. "मीच, सर. दोन वर्षं झोप न्हाई."

हॉलमधला बटणांचा आवाज बंद झाला. पानबाई रिमोट हातात घेऊन खोलीत आल्या आणि थेट कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिल्या.

"या कोण?" साहेबांनी विचारलं.

"मेंदू," मागून नेहल म्हणाली.

साहेबांनी पानबाईंच्या हातातला रिमोट बघितला. मग खुर्ची करकरेपर्यंत हसले. "मग कॉम्प्युटरला सुट्टीच द्या की! राक्षसांच्या बाजूलाही माणूसच बसवा. असा गेम असेल तर आम्ही घेतो."

अक्षतनं उडी मारायचीच बाकी ठेवली होती. "मम्मी, ऐकलंस? जमलं!"

पानबाईंच्या कपाळावरची आठी हलली नाही.

"जमलं ते माझ्या राक्षसांना. तू काय केलंस? आईचं डोकं आपलं म्हणून साहेबासमोर मांडलंस, आणि वर झोपेचं रडगाणं! तुमच्या गेममध्ये दुसऱ्याचं उचलणाऱ्या माणसाला हीरो म्हणत असतील, अक्षत. माझ्या घरात चोर म्हणत्यात."