व्याह्यांना तेजोंगदे दाखवताना

"तेजोंगदेला तुम्ही घेऊन जाणार व्याह्यांना?" बांगडे साफ करता करता बायको म्हणाली. "स्वतः कधी गेलाय का तिथं?"

दोकसू कधीच गेला नव्हता. सारा जन्म यंगदो बेटावर बोटींची इंजिनं दुरुस्त करण्यात गेलेला. तेजोंगदेचा कडा नि दीपगृह बेटाच्या दुसऱ्या टोकाला, जाऊ की कधीही, असं म्हणता म्हणता केस पिकले. पण सोलच्या व्याह्यांना फोनवर तो ठोकून बसला होता, "इथला दगड न् दगड मला ओळखतो." विहीणबाईंच्या मनात या घराविषयी आधीच किंतु होता. जरा काही बिनसलं की लेकीचं जमत आलेलं लग्न फिसकटणार.

दुसऱ्या दिवशी बायका पर्यटकांच्या छोट्या गाडीत बसल्या. "आपण चालायचं का?" दोकसूनं रीत म्हणून विचारलं. "तुम्ही म्हणाल तसं," व्याही प्योसाहेबही रीत म्हणूनच म्हणाले. व्याह्याला नाही म्हणायची पद्धत नाही, त्यामुळं इच्छा नसलेले दोघं चढण चढू लागले.

"हे दीपगृह राजानं बांधलं. देवमासे मोजायला."

"असं होय?"

"आणि तो उभा खडक म्हणजे समुद्रावर रुसलेला कोळी."

शेजारीच एक गाइड मुलगी तोच खडक दाखवून नवऱ्याची वाट पाहणाऱ्या बाईची गोष्ट सांगत होती. प्योसाहेबांना एकदम खोकला आला.

"हल्लीच्या पोरी काहीही सांगतात," असं म्हणत दोकसूनं त्यांना घाईघाईनं झाडीतल्या 'जवळच्या' वाटेला लावलं. ती वाट फिरून फिरून एकाच बाकड्याशी येत होती. तेवढ्यात बायकोचा फोन आला.

"कुठं उलथलात? विहीणबाई वाऱ्यात कुडकुडतायत. म्हणतात, या घरात माणसाची किंमतच नाही."

दोकसू मटकन बाकड्यावर बसला. "व्याहीसाहेब, मी इथं पहिल्यांदाच आलोय. ते देवमासे, तो कोळी, सगळ्या थापा. मला काय बोलायचं ते बोला, पण पोरीवर राग काढू नका."

प्योसाहेबांनी इकडंतिकडं पाहिलं. "डावीकडं पायऱ्या आहेत. खालची हलते, जपून."

"तुम्हाला काय माहीत?"

"तरुणपणीची माझी सगळी सक्तीची लष्करी सेवा याच कड्यावर झाली. पहारा द्यायचा नि मासे भाजून खायचे."

"मग सकाळपासून बोलला का नाहीत?"

"कसा बोलणार? लग्न झाल्यापासून बायकोला सांगतोय, मी उत्तरेच्या सीमेवर कमरेएवढ्या बर्फात उभा होतो म्हणून." त्यांचा आवाज अगदी बारीक झाला. "तुम्ही तेजोंगदेचं नाव काढलंत, तेव्हापासून झोप नाही मला."

खाली विहीणबाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. प्योसाहेब चाचरू लागले, तसा दोकसू पुढं झाला. "चूक माझी, विहीणबाई. व्याहीसाहेब सीमेवरच्या बर्फाचं सांगत होते. मीच सोडेना त्यांना. ऐकता ऐकता वाट चुकलो."

विहीणबाई त्याच्याकडं बघतच राहिल्या. "तुम्ही स्वतःहून ऐकत होतात? शेवटपर्यंत?"

"पुन्हा ऐकायचंय."

विहीणबाईंनी दोकसूच्या बायकोचा हात घट्ट धरला. "लग्नाची तारीख आजच काढू या," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं मी एकटी ऐकतेय."