देल्फिनाबाईंचं उत्तर आणि माझं पोट

मला पोट नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे पोटाचा उल्लेख वारंवार येणार आहे आणि तुमचा उगाच गैरसमज व्हायचा. सायकल मारणाऱ्या माणसाला पोट नसतं. त्याच्याकडे असतो तो दमाचा साठा! आमच्या प्रादाल्तोहून कोर्नो घाट चढून पलीकडे वाल्मोराला जाणारा आणि त्याच दिवशी परत येणारा बावन्न वर्षांचा माणूस त्या काळी पंचक्रोशीत एकच होता. तो मी, ओत्ताव्यो. आमच्या बाजूने एकोणीस वळणं, त्यांच्या बाजूने सव्वीस, आणि माथ्यावर मे महिन्यातसुद्धा रस्त्याच्या दोन्ही अंगांना पुरुषभर बर्फ.

तर ही हकीकत माझ्या दादाच्या लग्नाची. दादा म्हणजे सेवेरिनो, माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. चीज करण्यात त्याचा हात धरणारा कोणी नाही, पण स्वभावाने इतका भिडस्त की गाईचं दूध काढायच्या आधीसुद्धा घसा खाकरून तिची परवानगी घ्यायचा. एकदा जत्रेला म्हणून तो वाल्मोराला गेला आणि देल्फिनाबाईंच्या किराणा दुकानातून मीठ घेऊन आला. बाई विधवा, चुणचुणीत, कानामागे कायम कॉपिंग पेन्सिल. पेन्सिलीचं टोक जिभेवर ओलं करून हिशेब लिहायची सवय, त्यामुळे जीभ जांभळी. त्या जांभळ्या जिभेवर दादा भाळला. पुढची नऊ वर्षं, घाटातला बर्फ वितळल्यापासून पुन्हा पडेपर्यंत, दर महिन्याला तो बाईंना आपल्या हातचं चीज पाठवत राहिला.

पाठवत राहिला म्हणजे माझ्या पाठीवर बांधून! त्याला स्वतःला सायकल येत नाही. बस डोंगराला वळसा घालून जाते आणि बसमध्ये त्याला पहिल्या पुलापासूनच उलट्या होतात. टपालाचं म्हणाल, तर आमची टपालवाली पत्राच्या आधी मजकूर पोचवायची. तेव्हा उरलो मी. कापडात गुंडाळलेलं चीज, त्यात खोचलेली एक चिठ्ठी. ती चिठ्ठी मी एकदाही उघडून पाहिली नाही. दुसऱ्याची चिठ्ठी वाचणारा माणूस माझ्या मते माणूसच नव्हे. माथ्यावर पाच मिनिटं दम खायचो, काहीतरी तोंडात टाकायचो आणि उतरायचो. देल्फिनाबाई कापड सोडून चीज तराजूत टाकायच्या, काट्याकडे बघायच्या, मग माझ्याकडे बघायच्या. दुकानदाराची सवय, दुसरं काय!

त्या वर्षी मे महिन्यात बातमी आली की बाई दुकान विकून बहिणीकडे तोरिनोला कायमच्या निघाल्यात. दादाचं जेवण सुटलं. अकरा दिवस खपून त्याने चार ओळींचं पत्र लिहिलं आणि शनिवारी सकाळी चीजबरोबर माझ्या हाती दिलं. "उत्तर घेऊनच ये," एवढंच म्हणाला. माझी बायको रोमिल्दा म्हणाली, एवढं नाजूक काम आहे तर दुधाच्या ट्रकमधून जा. मी म्हटलं, ज्या चाकांवर हे प्रेम नऊ वर्षं चाललं, त्याच चाकांवर ते तडीस जाईल. उत्तर तिच्या भुवयांनी दिलं.

बाईंनी पत्र उभ्यानेच वाचलं. साखर बांधायच्या तपकिरी कागदाचा एक मोठा ताव फाडला, पेन्सिल जिभेला लावली आणि एका बाजूने लिहायला लागल्या. मध्येच थांबून त्यांनी चीज पुन्हा एकदा तोललं आणि आणखी जोरात लिहायला लागल्या. शेवटी ताव दुमडून दोऱ्याने बांधला.

"हे सेवेरिनोंच्याच हातात द्यायचं. आणि वाटेत वाचायचं नाही."

मी छातीवर हात ठेवला. बाईंनी त्या हाताच्या जरा खाली पाहिलं.

सव्वीस वळणं मी गाणं म्हणत चढलो. निदान पहिली चार. माथ्यावर पोचलो तो घामाने निथळत, आणि वरून वारा असा की दात वाजायला लागले. आता हे सायकलवाल्या प्रत्येकाला माहीत आहे, की घाट उतरण्याआधी छातीवर, जर्सीच्या आत, वर्तमानपत्र सरकवायचं. नाहीतर घामेजल्या अंगाने उतरलेला माणूस खाली थेट न्यूमोनिया घेऊनच पोचतो. माथ्यावरच्या खानावळीची तोनिया यासाठी जुन्या पेपरांचा गठ्ठा राखून असते. पण त्या दिवशी शहरातून तीस सायकलवाल्यांचा क्लब येऊन गेला होता. पेपर संपले. तोनिया म्हणाली, त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडरसुद्धा नेलं, आज तारीख काय आहे तेही मला ठाऊक नाही.

माझ्याजवळ कागद एकच होता.

माझी नीतिमत्ता बघा. मी डोळे गच्च मिटून दोरा सोडला. डोळे मिटूनच ताव उलगडला, आणि घडीच्या आतली, म्हणजे लिहिलेली, बाजू अंगाकडे ठेवून तो छातीपासून खाली कमरेपर्यंत सरकवला, म्हणजे वाऱ्याने जर्सी वर उडाली तरी एक अक्षर परक्याच्या नजरेस पडायला नको! या शक्कलेमुळे मी स्वतःवरच इतका खूश झालो की तिसरं वळण येईपर्यंत शीळ घालत होतो. चौथ्या वळणावर पावसासारखा बर्फ आणि बर्फासारखा पाऊस सुरू झाला, तो गाव येईपर्यंत थांबला नाही.

शेवटच्या वळणाला लागूनच गास्पारे न्हाव्याचं दुकान. दादा तिथेच खुर्चीत बसला होता, अर्ध्या गालावर साबण. होकार आला तर आपली दाढी झालेली असावी, असा त्याचा विचार. मी आत शिरलो, विजयी वीरासारखी जर्सी वर केली आणि पत्र काढायला हात घातला. हातात आला तो भिजलेल्या कागदाचा लगदा, मक्याच्या पिठाचा पोलेंटा शिजवताना बिघडावा तसा.

दादा त्या लगद्याकडे बघत राहिला. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो फक्त म्हणाला, "नऊ वर्षं, ओत्ताव्यो." तेव्हा मला खरोखरच जमिनीत जावंसं वाटलं.

इतक्यात गास्पारे म्हणाला, "अरे, तुझ्या अंगावर काहीतरी लिहिलंय." आणि त्याने मला खांद्याला धरून आरशाकडे वळवलं.

कॉपिंग पेन्सिल ओली झाली की शाई होते. देल्फिनाबाईंचा अख्खा ताव माझ्या अंगावर उमटला होता, जांभळाजर्द, उलटा. पण आरशात मात्र सरळ! दादा साबणासकट उठला. गास्पारेने दिवा जवळ आणला. छातीवरचे केस आड येत होते म्हणून त्याने वस्तरा उचलला, तर दादाने त्याचा हात धरला. केसांबरोबर वेलांटी गेली तर काय करायचं? शेवटी कंगव्याने भांग पाडून वाचन सुरू झालं. 'सेवेरिनो, तुम्ही विचारायला नऊ वर्षं लावलीत. उद्या दुपारी बाराला दुकान घेणारा माणूस येतोय. माझं उत्तर होय आहे.'

दादाने ते वाक्य पुन्हा वाचलं. मग बोटाने वाचलं. "श्वास घेऊ नकोस," मला म्हणाला, "होय हलतंय." त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि साबणात मिसळलं.

पुढे होतं: 'पण एक अट आहे. ती उद्या बाराच्या आत पुरी झाली तर दुकान विकणार नाही, नाही झाली तर मी तोरिनोला जाईन. अट अशी की ओत्ताव्यो'

आणि तिथे मजकूर घडीत गेला. कसली घडी विचारू नका. सायकलवर वाकून बसलं की कोणाच्याही कातडीला पडते तशी, हवामानामुळे पडलेली घडी.

मी म्हटलं, यात कोडं काय आहे, ओत्ताव्यो लग्नाचा साक्षीदार हवा, हीच अट. बाईंना माणसाची पारख आहे. नवा सूट शिवायला टाकावा लागेल. पण दादाला अंदाज नको होता, अक्षरं हवी होती. गास्पारेने मला खुर्चीत आडवं पाडून घडी दोन्ही हातांनी ताणली. एक ओळ निघेपर्यंत दुसरी आत जायची. पोट आत घे, म्हणाला. घेतलंय, मी म्हटलं. मग निघाला उपाय: मी दाराच्या वरच्या तुळईला दोन्ही हातांनी लोंबकळायचं, अंग ताणलं जाईल, घडी आपोआप उघडेल. मीही हौसेने लोंबकळलो. साक्षीदार व्हायचं होतं ना! दारात मी, बाहेर जमलेलं निम्मं गाव, आत आरसा धरून गास्पारे, आणि दादाच्या डोळ्यांना आता पाण्यामुळे काहीच दिसेना.

गर्दीतून रोमिल्दा आत आली. तिने गास्पारेच्या हातून आरसा घेतला आणि सबंध गावाला ऐकू जाईल अशा आवाजात वाचलं.

"'अट अशी की ओत्ताव्योच्या हाती यापुढे काहीही पाठवायचं नाही. तुमच्या चिठ्ठीत दर वेळी तीन किलो असतं आणि माझ्या तराजूत सव्वादोन. नऊ वर्षांचं मिळून चाळीस किलो चीज घाटात नाहीसं झालं. कुठे गेलं असा प्रश्न पडला, तर हे पत्र आणणाऱ्याच्या पोटाकडे पाहा.'"

सगळ्यांनी पाहिलं. दुसरीकडे बघायची सोयच नव्हती, मी तुळईला टांगलेलो होतो.

"'उद्या तुम्ही स्वतः या,'" रोमिल्दाने शेवटची ओळ वाचली, "'अख्खे तीन किलो घेऊन.'"

मी खाली उतरलो आणि सांगायचा प्रयत्न केला की चढावर वजनाचा फार फरक पडतो, पाऊण किलो म्हणजे काही थोडं नाही. कोणी ऐकून घेतलं नाही. दादाने राहिलेल्या अर्ध्या गालाची दाढी करून घेतली आणि मग म्हणाला, "मी जाणार कसा? उद्या रविवार. बस नाही, दुधाचा ट्रकही नाही."

"हा नेईल," रोमिल्दा म्हणाली. "चीज तुमच्या पाठीवर, तुम्ही याच्या कॅरिअरवर. चाळीस किलो पचवलेत ना, आता सत्तर किलो वर ओढेल."

रविवारी उजाडताच निघालो. कोर्नो घाटाची एकोणीस वळणं मला तोंडपाठ आहेत असं मी समजत होतो. त्या दिवशी मला त्यांतला एकेक दगड ओळखीचा झाला. निम्मा वेळ मी सायकल ढकलत होतो आणि दादा कॅरिअरवर चीज पोटाशी धरून बसला होता, उतरायलाही तयार नाही, कारण उतरलं तर चीज माझ्या जवळ येतं. माथ्यावर मी सवयीने थांबलो. दादाने मान हलवली. तोनियाने मला पाणी दिलं.

पावणेबाराला आम्ही वाल्मोरात पोचलो. बाईंनी कापड सोडलं, चीज तराजूत टाकलं. काटा तीनवर येऊन उभा राहिला. बाईंनी त्याच्याकडे पाहिलं, मग दादाकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, "दाढी छान झालीय." बारा वाजता आलेल्या माणसाला दुकान मिळालं नाही, काडेपेटी तेवढी मिळाली.

जूनमध्ये लग्न झालं. साक्षीदार गास्पारे होता. माझ्या अंगावरची शाई अजून पुरती गेली नव्हती, त्यामुळे उकाड्यातही मी कोटाची सगळी बटणं लावून बसलो होतो. जेवणाच्या शेवटी देल्फिनाबाई, म्हणजे आता वहिनी, दादाच्या चीजची थाळी घेऊन स्वतः वाढायला आल्या. शेजारच्याला एक मोठा तुकडा, पलीकडच्याला त्याहून मोठा. माझ्या ताटात त्यांनी तपकिरी कागदाची एक चिठ्ठी ठेवली आणि पुढे गेल्या.

दुसऱ्याची चिठ्ठी मी कधीच वाचत नाही. पण ही माझ्याच नावाची होती, म्हणून उघडली. आत जांभळ्या अक्षरात लिहिलं होतं: 'तुमचं जेवून झालंय.'