सुपडूनाना आणि माझ्या आईचा हात

सलाईनच्या बाटलीला हात लावण्याआधी सुपडूनाना खुद्द डॉक्टरांचीही बोटं हुंगायचे. साबणाचा वास आला तर ठीक, नाहीतर, "साहेब, हात धुयात का?" डॉक्टर निमूटपणे मोरीकडे वळायचे. मी मॅट्रिक पास, सर्टिफिकेटवाला कंपाउंडर. नाना चौथी नापास ड्रेसर, मलमपट्टी करणारे. पण शहाद्याच्या त्या दवाखान्यात माझ्या सांगण्यावरून मांजरही बाजूला होत नसे.

सुया तेव्हा पोलादी. उकळून पुन्हा वापरायच्या. नाना त्या सुया दगडावर घासायचे आणि कापसाच्या बोंडातून ओढून बघायचे. एक तंतू अडकला, की परत घासणं सुरू. "कापूसले टोचस ती मानूसले बी टोची," हा त्यांचा वेद.

खरा तऱ्हेवाईकपणा पुढेच होता. शीर एकदा सापडली, की आम्ही बाकीचे हात फळीला बांधून सगळ्या बाटल्या संपेपर्यंत सुई तशीच ठेवायचो. नाना रोज ती काढून दुसऱ्या हाताला लावायचे. वर घटकेघटकेला येऊन शीर गरम झाली का म्हणून बोट फिरवायचे, "दुखस का? तातं लागस का?"

तापीकाठचे पाटील बैलगाडीतून उतरता उतरताच विचारत, "सुपडू शे का?" केळीचे घड नानांना. मला साधा रामरामसुद्धा नाही. मी जळायचो. सरळ सांगतो, फार जळायचो.

अशात जुलाब-ओकाऱ्यांनी बेजार झालेली माझी आई दवाखान्यात आली आणि खाटेवर पडल्या पडल्या म्हणाली, "सुपडूले बलाव." पोटचा पोरगा कंपाउंडर, समोर उभा! मी नानांना दारातच अडवलं. "माझी आई आहे. मीच लावणार. तुम्ही हात लावायचा नाही."

शीर पहिल्या फटक्यात मिळाली. इतकी झकास, की सोडायचं जिवावर आलं. दुसऱ्या दिवशी आई म्हणाली, "हात जळी ऱ्हायना रे." पाहिलं, तर सुईभोवती लाल. पण काढली असती तर नाना खरे ठरले असते. मी तिच्या हातावर लुगड्याचा पदर ओढला.

तिसऱ्या दिवशी तिला हुडहुडी भरली. मी औषध आणायला गेलो, तेवढ्यात नाना आत शिरले. परत आलो तर सुई निघालेली, आणि कोपरापर्यंत सुजलेला तो हात मांडीवर घेऊन नाना मिठाच्या गरम पाण्याने शेकत होते. मागोमाग डॉक्टर आले आणि कडाडले, "तीन दिवस सुई कुणी ठेवली?"

"मी," नाना म्हणाले.

सगळ्या वॉर्डासमोर त्यांनी बोलणी खाल्ली. मी हातातलं औषध पेल्यात ओतत राहिलो. माझा अपराधसुद्धा या माणसाने माझ्याकडे राहू दिला नाही, याचाही मला राग आला.

पेनिसिलिनने ताप उतरला, आई पेज प्यायली. व्हरांड्यात मी कसंबसं विचारलं, "नाना, का घेतलंत अंगावर?"

"मन्ही मायले बी आशीच सुई लायेल व्हती. मी बाहेर बशेल व्हतू. तिना हात दखाले कोनी मझार, आत जाऊ दिधं नही. ती तशीच गई; तुले बी तिनापाईन बाहेर काढतीन आसं वाटनं." मग नाना खाली मान घालून पुटपुटले, "तू हो म्हनशी तं... तुन्ही मायले मी माय म्हनू?"

सारा तालुका ज्याच्या नावाने हाका मारायचा, तो माणूस माझ्याकडे माझी आई मागत होता. हेवा तेव्हाही वाटलाच, खोटं कशाला बोलू? पण आत आई त्यांचीच वाट बघत होती.

"म्हना, नाना," मी म्हणालो.