मेश्राम काकाजींची फायरप्लेस

मे महिन्यात नागपुरात माणसाला दोनच कामं असतात. दारंखिडक्यांच्या वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारायचं आणि बाहेर पडताना खिशात कांदा ठेवायचा. आमचे शेजारी मेश्राम काकाजी त्याच महिन्यात बैठकीच्या खोलीत फायरप्लेस बांधत होते. हो, तेच ते. भिंतीत कोनाडा, त्यात जाळ, वर चिमणी. इंग्रजी सिनेमात साहेब ज्याच्यासमोर पाय पसरून बसतो ते.

गोष्ट एकाहत्तर-बहात्तरच्या सुमाराची, धरमपेठेच्या मागच्या आमच्या ले-आउटमधली, म्हणजे प्लॉट पाडलेल्या वसाहतीतली. काकाजी बांधकाम खात्यात ड्राफ्ट्समन. घरात काकू आणि ते, दोघंच. गवंडी बिचारा दोन दिवस समजत होता की न्हाणीचा बंब बसवायचा आहे. तिसऱ्या दिवशी त्यानं विचारलंच, "साहेब, बंब बैठकीत काहून ठेवता?"

काकाजींकडे एक जाडजूड ड्रॉइंगबुक होतं. सीताबर्डीच्या फुटपाथवरून जुनी विलायती मासिकं आणायची, फायरप्लेसची चित्रं कापायची आणि त्यात डकवायची. पाहुणा आला की चहाच्या आधी ते पुस्तक; मलाही कितीदा दाखवलं. "हा कोपऱ्यातला. हा दोन्ही बाजूंनी उघडा, बैठकीतूनही दिसते, जेवताना बी दिसते. अन् हा पाह्य मधू, एकदम मॉडर्न, छतातून टांगलेला, काळ्या पत्र्याचा!" एवढं सगळं दाखवून स्वतः बांधली ती मात्र अगदी साधी, विटांची, समोर बसायला रुंद कट्टा असलेली. "मॉडर्न काहून नाही बांधली?" असं मी विचारलं, तर म्हणाले, "घरच्यांची पसंती."

"धुराले वाट पाहिजे गा," हे त्यांचं पालुपद. ते चिमणीपुरतं राहिलं नव्हतं. माझं साहेबाशी बिनसलं, "धुराले वाट पाहिजे." समोरच्या घरात नवराबायकोचं भांडण जुंपलं, तरी तेच. सारा ले-आउट हसायचा. सगळ्यांत मोठ्यानं मीच.

डिसेंबरात फायरप्लेस पेटली. काकाजींनी आम्हा नवराबायकोला संध्याकाळी बोलावलं. बाभळीची लाकडं छान धरली होती. काकाजी दर पाच मिनिटांनी अंगणात धावत, वर मान करून चिमणीकडे पाहत आणि आत येऊन सांगत, "सरळ जाऊन राहिला!" काकू कट्ट्यावर बसल्या होत्या. हात जाळापुढे धरलेले. मी स्वेटर काढून उपरण्यानं वारा घेत म्हटलं, "काकाजी, आता मे महिन्यात बर्फाची खोली काढा म्हणजे झालं." सगळे हसले. काकू हसल्या की नाही, ते मी पाहिलंसुद्धा नाही.

पुढच्या वर्षी आम्हाला मुलगा झाला. जागा पुरेना म्हणून मी घरावर माडी चढवली. काकाजींनी स्वतः हौसेनं नकाशा काढून दिला. माझी नवी भिंत त्यांच्या चिमणीपासून दहा-बारा हातांवर आली.

त्या डिसेंबरात फायरप्लेस पेटवली आणि सगळा धूर खोलीत परतला. आम्ही खोकत अंगणात पळालो. काकूंचे डोळे लाल, भिंत काळी. मी म्हणालो, "चला, डास तर पळाले!" काकाजीही हसले. "काहीतरी चुकलं गा माह्याकडून," म्हणाले. ज्या माणसाची रेघ कधी चुकली नाही, त्यानं चारचौघांत चूक कबूल केली. मला तेव्हा त्याचीही गंमतच वाटली. उन्हाळ्यात त्यांनी त्या कोनाड्यात टेबलफॅन ठेवला. फायरप्लेसमधला पंखा! हा किस्सा मी किती लग्नांच्या पंगतीत रंगवून सांगितला असेल, बाप्पा, गणतीच नाही.

काकाजी निवृत्त झाले आणि तीन वर्षांत गेले. काकू पुतण्याकडे चंद्रपूरला जायला निघाल्या, तेव्हा त्यांनी ते ड्रॉइंगबुक माझ्या हातात ठेवलं. "तुह्या पोराले चित्रं आवडतात न? ठेव."

तिथंच उभ्यानं चाळलं. शेवटच्या पानावर पेन्सिलीनं दोन घरं काढली होती, त्यांचं आणि माझं. वारा माझ्या माडीच्या भिंतीला आपटून त्यांच्या चिमणीत खाली वळलेला, बाणांसकट. खाली लिहिलं होतं, 'चिमणी चार फूट वाढवणे.' ते खोडलेलं. त्याखाली, 'नको. धूर मधूच्या खिडकीत जाईल. लेकराले खोकला आहे.'

मी ते पुन्हा वाचलं. मग विचारलं, "काकू, ह्याचा एवढा ध्यास काहून होता त्यांना?"

"माह्यासाठी," काकू म्हणाल्या. "माहा बाप पचमढीले बंगल्यावर खानसामा होता. सकाळची राख मी काढो, लाकडं मी लावो. जाळ धरला का साहेबलोक येऊन बसत अन् आम्ही बाहेर थंडीत. लग्न झाल्यावर एकदा ह्यायले सांगतलं होतं. ह्यायनं ध्यानात ठेवलं." मग ट्रंकेची कडी लावत, "एक हिवाळा बसली न मी. हौ, चांगली बसली."

"पण मला एका शब्दानं सांगायचं ना, काकू!"

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. आवाजात राग नव्हता.

"सांगतलं असतं, तर तू माडी पाडली असती का गा?"

रिक्षावाला बाहेर घंटी वाजवत होता. मी त्यांची ट्रंक उचलून रिक्षात नेऊन ठेवली.