ऑरिनचे पोट आणि परक्याची हवा

जी गोष्ट सर्वांच्या मालकीची असते ती जपण्याचा एकच खात्रीचा उपाय आहे: तिथे कोणालाही जाऊ देऊ नये. हे तत्त्व आमच्या अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यात जितक्या निष्ठेने पाळले जाते, तितके जगात क्वचितच कुठे पाळले जात असेल.

आमच्या हॅरो क्रीक गावाच्या पश्चिमेची जमीन बुद्धिबळाच्या पटासारखी आखलेली आहे. काळी घरे जनतेची, पांढरी घरे खाजगी. (पांढरी सगळी एकाच मालकाची. तो दूर कुठेतरी राहतो. त्याला आमच्यापैकी कोणी पाहिलेले नाही, पण त्याच्या 'प्रवेश बंद'च्या पाट्या इतक्या सुबक आहेत की माणूस सज्जनच असणार.) काळ्या घरांत जायला जनतेला पूर्ण मोकळीक आहे. फक्त तिथे पोहोचायला पांढऱ्या घरातून जावे लागते आणि त्याला मनाई आहे. रस्त्याला लागून एकच काळे घर आहे, आणि त्यात सेजची झुडपे सोडून काही नाही. बाकीची जमीन त्यामुळे अगदी नव्यासारखी राहिली आहे. रविवारी आम्ही बायकामुलांना घेऊन जातो, गाडी कडेला लावतो आणि दुर्बिणीतून आपली मालमत्ता बघून परत येतो.

या मालमत्तेत एल्क राहतात. एल्क म्हणजे सांबराचा थोरला भाऊ. एक मारला की घरात हिवाळाभर मांसाची ददात नाही. मात्र तो मारायला परवाना लागतो आणि परवान्याची सोडत निघते. सोडतीत नाव निघाले नाही की सरकार एक गुण देते. असे अपयशाचे गुण साठत गेले की माणूस शेवटी लायक ठरतो. माझा मेव्हणा ऑरिन ड्यूवॉल याने पहिला अर्ज केला तेव्हा त्याचा मुलगा पाळण्यात होता. यंदा ऑरिनला परवाना मिळाला तेव्हा त्याच मुलाला टक्कल पडू लागले होते. ऑरिनचा उजवा गुडघाही दरम्यान गेला. पुढचा परवाना मिळेपर्यंत तो नव्वदी गाठेल, म्हणजे शिकारीची ही शेवटची संधी होती. त्याच्या बायकोने, व्हर्लाने, शीतपेटी रिकामी करून, पुसून ठेवली होती.

वाटाड्या परवडणारा नव्हता, तेव्हा नियोजन आम्हीच केले. आधी जुनी रीत पाळली. पूर्वी रँचवाल्याकडे, म्हणजे गुरांच्या कुरणाच्या मालकाकडे, रानटी चोकचेरीच्या मुरंब्याची बरणी घेऊन, टोपी हातात धरून गेले की तो "फाटक लावून घ्या" एवढेच म्हणायचा. आम्हीही बरणी घेऊन पांढऱ्या घरांच्या मालकाच्या रँचचा कारभारी रॉयस याच्याकडे गेलो. त्याने बरणी ठेवून घेतली आणि परवानगी नाकारली. गावातल्या खानावळीत मग तीन मार्ग सुचवण्यात आले: हेलिकॉप्टर, मालकाच्या मुलीशी लग्न, किंवा पुढच्या जन्मी एल्क होणे. (एल्कना कुठेही मुक्त प्रवेश आहे.)

चौथा मार्ग ऑरिनला सुचला. पटावर काळी घरे एकमेकांना कोपऱ्यात टेकतात. म्हणजे बुद्धिबळातल्या उंटासारखे तिरके गेले, तर पांढऱ्या घराला पाय न लावता पुढच्या काळ्या घरात पडता येते. रँचने त्या कोपऱ्यावर दोन लोखंडी खांब रोवून साखळी लावली होती. माझ्याकडे घडीची शिडी होती. (ती मी ट्रेलरमध्ये ठेवतो. ट्रेलर माझ्या घरामागच्या गल्लीत उभा असतो. गल्ली गावाची आहे, पण ट्रेलर माझा असल्यामुळे प्रश्न उद्भवत नाही.)

पाय सुटले, पण पोट उरले. जमिनीच्या मालकाची वरची हवाही त्याचीच, असे जाणकार सांगतात. कोपरा हा बिंदू असतो आणि बिंदूला रुंदी नसते, हे आम्ही शाळेत शिकलो होतो. ऑरिनला रुंदी आहे. चर्चच्या आवारात खडूने चौकोन आखून तालीम घेतली, तेव्हा त्याचे पोट दोन्ही बाजूंनी परक्या हवेत जात होते.

"श्वास आत घे!" व्हर्ला ओरडली.

"घेतलाय!"

"मग हे काय बाहेर आलंय?"

"हा मी आहे!"

तेव्हापासून व्हर्लाने त्याला कोबीच्या सुपावर ठेवले. उन्हाळा संपेपर्यंत अतिक्रमण निम्म्यावर आले.

हंगामाच्या पहिल्या सकाळी मी शिडी धरली. ऑरिन कण्हत चढला, वर पोचल्यावर श्वास कोंडला आणि पलीकडे उतरला. हॅरो क्रीकचा एक नागरिक स्वतःच्या जमिनीवर उभा होता. माझ्या डोळ्यांत पाणी आले. पाणी पुसायला मी हात सोडला, तोच वारा आला आणि शिडी पांढऱ्या घरात आडवी झाली.

रॉयस पिकअपमध्ये बसून सगळे बघत होता. तो खाली उतरला. "लायल, तुमची शिडी आमच्या हद्दीत आली."

"उचलून दे ना."

"तिला मी हात लावला म्हणजे मी मदत केली. आणि तू आलास, तर तू घुसलास."

ऑरिन तिकडून ओरडला, "अरे, मी परत कसा येऊ?"

"तू कायदेशीर जागी आहेस," रॉयस म्हणाला. "काळजीचं कारण नाही."

एल्क मात्र पहाटेच पांढऱ्या घरात जाऊन बसले होते. हंगाम सुरू झाला की ते दरवर्षी असेच करतात. त्यांना नकाशा लागत नाही. ऑरिन ऊन कलेपर्यंत गुडघा चोळत त्यांच्याकडे बघत राहिला आणि ते रवंथ करत त्याच्याकडे. शेवटी एक मोठा नर उठला, बहुधा हा कोण पाहुणा म्हणून, आणि चालत चालत हद्दीवर येऊन थांबला.

ऑरिनने बंदूक खांद्याला लावली. "लायल! कुठल्या घरात आहे तो?"

मी फोनवरचा नकाशा उघडला. त्यावरची रेघ जमिनीवर पाच-सहा हात जाड पडते. रॉयसनेही आपला फोन काढला. त्याची रेघ वेगळीकडे पडत होती.

"पुढचे पाय आमचे," तो म्हणाला.

"मागचे आमचे!"

"मग मागच्या अर्ध्यावर मार म्हणावं."

पण एल्कला गोळी खांद्यामागे मारतात, आणि दोन्ही फोनांवरची रेघ नेमकी तिथेच कुठेतरी पडत होती.

"पोट कुणाकडे जास्त आहे ते बघा!" ऑरिन बंदुकीवरचा डोळा न काढता ओरडला. "लवकर बघा रे!"

आम्ही बघत होतो. रॉयसचे म्हणणे पडले की एल्कने श्वास घेतला की तो त्यांचा, सोडला की आमचा. हे मला तर्काला धरून वाटले. आमचे एकमत होईपर्यंत नर कंटाळून कळपात परत गेला.

ऑरिनने बंदूक खाली ठेवली आणि तिथेच बसला. मला फार वाईट वाटले. रॉयसलाही वाटले असावे, कारण त्याने इकडेतिकडे बघून शिडी उचलली आणि कोपऱ्यावर उभी केली. "मुरंबा चांगला होता," तो म्हणाला.

गुडघा इतका सुजला की ऑरिनला उरलेला हंगाम घरातच काढावा लागला. शीतपेटीत व्हर्लाने कोबी भरला.

परवा तो काठी टेकत माझ्याकडे यायला निघाला. माझ्या पुढच्या दाराला पायऱ्या आहेत, म्हणून तो मागच्या गल्लीतून आला. ट्रेलर आणि कुंपण यांच्यामधून त्याला निघता येईना.

"लायल, ही गल्ली कुणाची?"

"गावाची."

"म्हणजे?"

"म्हणजे आपल्या सगळ्यांची."

"मग मी येऊ कसा?"

मी म्हणालो, श्वास आत घे.

त्याने माझ्याकडे टक लावून पाहिले. ट्रेलरमधली शिडी ओढून काढली, ट्रेलरलाच लावली आणि दुखरा गुडघा दोन्ही हातांनी उचलत चढू लागला. ट्रेलरवरची हवाही माझीच आहे, हे मी त्याच्या लक्षात आणून दिले. तो थांबला नाही. काही माणसांना कायद्याची चाडच नसते.

तुम्ही हसताय. हसा, पण आधी दाराबाहेर जाऊन तुमच्या कुंड्या रस्त्यावर कुठवर आल्यात ते बघून या.